पाणी हटलं की कळव

नॉक्सव्हिल, टेनेसी
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाप्या,

मे महिन्यात तुझा मेसेज आला होता. 'उजनी धरण मायनसमध्ये गेलंय, पाण्याखालचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलंय, आबा जायचं म्हणतात, चिखलातनं मला एकट्याला न्यायला जमेना.' मी तो वाचला, रात्री फोन करू म्हटलं आणि केला नाही. जितके दिवस गेले तितकी लाज वाढत गेली. आता सप्टेंबर संपला. कामाचं कारण पुढे करत नाही. खरं कारण तुला ठाऊक आहे.

इकडे सगळे ठीक. गुडघा दुखायचा तेवढा दुखतो, हिची शुगर आटोक्यात आहे. झालं.

आज मी एका तलावाच्या पलीकडे, जंगलातल्या एका दफनभूमीत दिवस काढून आलो. घरी आल्यावर हिला सांगितलं, तिने नीट ऐकलंही, पण सांगताना माझ्या डोळ्यांपुढे सारखे आबा येत होते आणि ते तिला कसं कळावं? म्हणून तुला लिहायला बसलो.

इथल्या डोंगरातल्या गावांत 'डेकोरेशन' म्हणून एक रीत आहे. वर्षातला एक रविवार ठरलेला असतो. त्या दिवशी सगळ्या भावकीने आपल्या जुन्या दफनभूमीत जमायचं, गवत खरवडून काढायचं, मातीचे उंचवटे नीट करायचे, फुलं खोचायची, प्रार्थना म्हणायच्या आणि तिथेच अंगतपंगत जेवायचं. आमच्या ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं आजोळ तिकडचं. तो म्हणाला, चल. फरक एवढाच की यांच्या गावाला बोटीतून जावं लागतं.

तुला हे सांगायलाच हवं. 1942 साली लढाई जोरात होती. विमानांना ॲल्युमिनियम हवं, ॲल्युमिनियमला वीज हवी. म्हणून लिटल टेनेसी नदीवर फॉन्टाना धरण बांधायला काढलं, 480 फूट उंच, आणि 1944 संपायच्या आत पाणी अडवलंसुद्धा. तेराशेच्या आसपास कुटुंबं उठली. गंमत बघ, उत्तर काठावरची कित्येक घरं बुडणार नव्हती. बुडाला तो तिकडे जाणारा रस्ता. वाटच नाही म्हणून तीही माणसं उठवली आणि जमीन स्मोकी माउंटन्सच्या नॅशनल पार्कात घातली. 1943 च्या करारात लिहून दिलं होतं की लढाई संपली की नवा रस्ता देऊ. सहा-सात मैल झाला, एक बोगदा झाला, आणि 1970 च्या सुमारास काम थांबलं ते थांबलंच. बोगद्यातून बाहेर आलं की डांबर संपतं. लोक त्याला 'कुठेच न जाणारा रस्ता' म्हणतात. 2010 मध्ये रस्त्याच्या बदल्यात तिथल्या स्वेन काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, 5 कोटी 20 लाख डॉलर द्यायचं ठरलं. पुनर्वसनाचे कागद आबांनी अजून ट्रंकेत ठेवलेत ना? त्यांना हे वाचून दाखव. ते म्हणतील, 'तिकडंबी असंच?'

माणसं गेली, पण उत्तर काठावर दोन डझनांहून जास्त दफनभूम्या राहिल्या. तीसेक वर्षं तिथे जाणं दुरापास्तच होतं. 1970 च्या दशकात तिथल्याच दोन बहिणींनी पुढाकार घेऊन सगळ्यांना गोळा केलं, तेव्हापासून पार्कवाले ठरल्या रविवारी बोट देतात आणि पलीकडून वर चढायला गाडी.

बोटीत माझ्या शेजारी एक आजी होत्या. वय शहाऐंशी. गाव सोडलं तेव्हा पाच वर्षांच्या. तलावाच्या मधोमध आलो तसा त्यांनी पंजा आडवा धरला आणि पाण्यावरून फिरवला. इथे आमचा मका. इथे ओढा. इथे माझी आई कपडे धुवायची. बाप्या, मी सुन्न झालो. भिगवणच्या पुढे एसटी आली की आबा खिडकीतून हात बाहेर काढून अगदी असंच दाखवायचे, आठवतंय? इथे वेस, इथे आपली तालीम, इथे तुझ्या आजीचं जातं. आणि तू म्हणायचास, आबा, हात आत घ्या, ट्रक येतोय.

वर चर्च नाही. गवतात जोत्याचे चार दगड आहेत तेवढेच. थडगी पूर्वेकडे तोंड करून, निम्म्यांवर नावसुद्धा नाही, नदीतला एक उभा दगड रोवलेला. आजी अशाच एका दगडाशी बसल्या. अंगठ्याच्या नखाने त्यांनी त्याच्यावरचं शेवाळ काढलं, पदराने पुसावं तसं स्वेटरच्या बाहीने पुसलं, आणि प्लास्टिकच्या फुलाची तार मातीत खोचली. तार वाकली. त्यांनी ती काढून सरळ केली आणि परत खोचली. मी विचारलं, कोण? म्हणाल्या, माझा भाऊ, अकरा दिवसांचा. नाव ठेवायचं राहिलं होतं.

मग गाणं झालं. एका म्हाताऱ्याने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवून म्हणायची, वाद्य काही नाही. पुस्तकं थोडी आणि वाचणारे त्याहून थोडे, त्या काळापासूनची ही पद्धत. बुवांनी चरण सांगावा आणि टाळकऱ्यांनी उचलावा तसंच. शब्द निम्मे कळले नाहीत, पण मान हलत होती. नंतर तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, घेवडा, केळ्याचं पुडिंग. प्रवचन संपायच्या आधी जेवणाकडे सरकणारे दोघं-तिघं तिथेही होते, तुझी फार आठवण झाली.

ऑगस्टमध्ये केड्स कोव्ह नावाच्या दरीत गेलो होतो, तेही त्याच पार्कात. तिथे याच्या उलट आहे. चर्च तीन उभी आहेत, गाव नाही. प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाची मंडळी 1827 ची. धर्मप्रचाराला माणसं पाठवावीत की नाही, यावरून 1839 मध्ये भांडण झालं आणि 'पाठवावीत' म्हणणाऱ्यांना बाहेर काढलं. त्यांनी आपलं वेगळं चर्च काढलं. एवढीशी दरी, त्यात दोन बॅप्टिस्ट. (आपल्या खोलीत मेसच्या हिशेबावरून दोन स्टोव्ह झाले होते ते आठवलं.) मेथडिस्टांचं मला सगळ्यात आवडलं. 1902 साली एका लोहाराने 115 दिवसांत 115 डॉलरमध्ये बांधलं. पुढे दोन दारं, बायकांना आणि पुरुषांना वेगळी अशी, पण तो नकाशा दुसऱ्या चर्चवरून उचललेला. इथली माणसं कुठल्याही दाराने येत आणि वाटेल तिथे बसत. आत लाकूड, खिडकीतलं ऊन आणि शांतता. पर्यटक दारातून डोकावतात, फोटो काढतात, जातात. मी बाकावर बसलो आणि खरं सांगतो, मला काहीच झालं नाही. आज त्या चार दगडांपाशी मात्र घसा दाटून आला.

आता ते बोलतो. हॉस्टेलवर आबा आले होते, 1994. पळसनाथाच्या शिखराबद्दल सांगत होते आणि मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, 'त्याच पाण्यावर तुमचा ऊस उभा आहे ना, मग देवळासाठी कसलं वाईट वाटून घेता?' आबा काही बोलले नाहीत. डब्यातला लाडू मला दिला. तू मात्र तीन आठवडे बोलला नाहीस, आणि नंतर बोललास तरी तो विषय कधी काढला नाहीस. मी हुशारीने बोललो असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. आज त्या आजींना मी विचारलंच, धरणाचा राग येतो का? म्हणाल्या, थोरला भाऊ लढाईवर होता, विमानं लागणारच होती, आमची तक्रार नाही. पण आई शेवटपर्यंत घरी ने, घरी ने म्हणायची. दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हणाल्या. आबांनाही हेच म्हणायचं असणार, मी त्यांना बोलू दिलं नाही. माझ्या घरातला दिवा टीव्हीएच्या, म्हणजे ते धरण बांधणाऱ्या सरकारी कंपनीच्याच, विजेवर जळतो, त्याच उजेडात हे लिहितोय.

मला काळजी एकच वाटते. आजींच्या नंतर त्या बिननावाच्या दगडाखाली कोण आहे, हे सांगणारं कुणी नाही. त्यांची नात फोनवर सगळं टिपून घेत होती, दगडन् दगड. आबा त्र्याऐंशीचे. तू त्यांच्याकडून लिहून घेतलंयस का? कुणाचं घर कुठे, बारव कुठे, पालखी कुठून निघायची? वहीत नको, त्यांचा आवाज ठेव. रोज दहा मिनिटं. वैतागतील, तरी ठेव.

छकुलीचं बारावीचं काय झालं? कारखान्याने यंदा बिल वेळेवर दिलं का? नवा ट्रॅक्टर घेतलास असं ऐकलं, फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

मी मे महिन्याचं तिकीट काढलंय, 9 तारखेला पुण्यात उतरतोय, तीन आठवडे आहे. पाणी हटलं तर आबांना खुर्चीत बसवून दोघं उचलून नेऊ. नाही हटलं तर भिगवणहून होडी करू आणि शिखर जिथे असेल तिथवर जाऊ. आबांना विचार, मी आलेलं चालेल का. त्यांनाच विचार, तू परस्पर हो म्हणू नकोस.

तुझा,
भाऊ