पिशवी काढली, पण नेमकं काय काढलं? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. गेल्या महिन्यात अठ्ठेचाळिशीची एक बाई आली. पदराच्या गाठीतून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून म्हणाली, "ह्याच द्या. थोरल्या जावेला लई फरक पडलाय. माझ्या बी अंगातून वाफा निघत्यात."

गोळी इस्ट्रोजेनची होती, म्हणजे पाळी जाताना शरीरात कमी होणाऱ्या संप्रेरकाची. थोरलीची गर्भपिशवी काढलेली, हिची जागेवर. थोरलीला नुसतं इस्ट्रोजेन चालतं. हिने तेच एकटं घेतलं, तर पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि पुढे कर्करोगाचा धोका. अमेरिकेत हे १९७५ सालीच लक्षात आलं. म्हणून पिशवी असलेल्या बाईला जोडीला प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर आवरणारं दुसरं संप्रेरक, द्यावंच लागतं: रोज रात्री १०० मिलिग्रॅम, नाहीतर महिन्यातले १२ ते १४ दिवस २००. मी गोळी दिली नाही, डॉक्टरांकडे पाठवलं.

ती रीतसर चिठ्ठी घेऊन आली. प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल काढताना दुकानातल्या पोराने विचारलं, "कितवा महिना?" त्याचं चुकलं नाही, आमच्याकडे ही कॅप्सूल गर्भ टिकवायलाच जाते. बाई पदर तोंडाला लावून हसली. सोबत सासू होती, ती हसली नाही.

दोनपैकी एक औषध बंद करायचं झालं की नेमकं हेच बंद होतं. त्याने गुंगी येते (म्हणून ते झोपताना घ्यायचं), काहींना पुन्हा अंगावरून रक्त जातं, शिवाय पैसे. इस्ट्रोजेनने बरं वाटतं, ते चालू राहतं. अर्धवट उपचाराचा याहून वाईट प्रकार मला माहीत नाही. त्यात २००२ च्या अमेरिकी अभ्यासापासून स्तनाच्या कर्करोगाची भीती डॉक्टरांच्याही मनात बसली आहे. त्या अभ्यासात इस्ट्रोजेनच्या जोडीला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम औषध होतं, हे प्रोजेस्टेरॉन नव्हे, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. तरीही हे सरसकट वाटायचं औषध नाही. स्तनाचा कर्करोग झालेला, रक्ताच्या गुठळ्या होणारी, यकृत बिघडलेलं, अशा बाईला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ते देऊ नये.

आता थोरल्या जावेकडे येते, कारण पत्र तिच्यासाठी आहे.

२०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत कामाला खाडा झाला की दंड, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ पैसे), ही कारणं तेव्हा छापून आली. पण या बायका दुकानात येऊन एवढंच सांगतात, "पिशवी काढलीय." अंडाशयं ठेवली की तीही गेली, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. बत्तिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशयं गेली, तर इस्ट्रोजेन एका रात्रीत थांबतं आणि हाडं झिजू लागतात. अडचण नसेल, तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे आपल्याकडे साधारण ४६-४७ पर्यंत, तिला इस्ट्रोजेन मिळायला हवं. प्रोजेस्टेरॉन तिला बहुधा लागत नाही. मी मात्र अशा बायकांच्या हाती कॅल्शियमच पाहते.

मागणी छोटी आहे. ऑपरेशननंतर प्रत्येकीला मराठीत, ठळक अक्षरात एक कार्ड द्यावं: काय काढलं, काय ठेवलं, कोणत्या तारखेला. पाहणीतल्या बायकांची सोनोग्राफी करून त्यांनाही ते द्यावं. आणि सरकारी दवाखान्यात इस्ट्रोजेन ठेवाल तिथे शेजारी प्रोजेस्टेरॉन ठेवा. पिशवी असलेल्या बाईला एकाशिवाय दुसरं देऊ नये, एवढी ताकीद फार्मासिस्टला लेखी द्या.

थोरलीला मी तिचा कागद आणायला सांगितला. तो गेल्या ऊसतोडीच्या हंगामात कोपीत (झोपडीत) भिजून गेला. ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात नोंद सापडत नाही म्हणतात. कार्तिकात ती पुन्हा तोडीला जाईल, तोवर काही होईल का?

आपली,
एक औषधविक्रेती, जिल्हा बीड