पोरांचं बोलणं वहीत मरतं

मा. संपादक,

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी तरुणांना बोलतं करायचे कार्यक्रम आता बऱ्याच गावांत होतात. पोहे होतात, फोटो निघतात, पण पोरांनी सांगितलेलं पुढं कुठंच सापडत नाही. ते हरवतं लिहून घेताना.

एखादी पोट्टी सांगते, "यष्टी सकाळी सहाले, कॉलेज साडेदहाचं. मंग तीन घंटे स्टँडवर बसा लागते." वहीत उतरतं, 'दळणवळणाची गैरसोय'. यावर कोण काय करणार? तिचं वाक्य वऱ्हाडीतच, जसंच्या तसं लिहावं. खाली थांबा, वेळ आणि पासधारक मुलं-मुली किती, ते टाकावं. एसटी ग्रामपंचायतीच्या हातात नसते, पण आकड्यांसह केलेला ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकाकडे पाठवता येतो. अभ्यासिका, नाली, दिवाबत्ती हे विषय मात्र थेट गावाच्या विकास आराखड्यात घालावेत.

बैठक पोळा झाल्यावर लगेच घ्यावी. सोयाबीन सोंगणीला आलं की कोणी फिरकत नाही, पुढे कापसाची वेचणी असतेच. एका गोलात बारा-पंधरा जण पुरे. माइक नको, आणि सरपंचांचं भाषण तर आधी मुळीच नको. वेळ दिवसाउजेडी ठेवावी, नाहीतर मुली येत नाहीत. 'गाव कसं असावं?' असं विचारलं की शाळेतला निबंध ऐकायला मिळतो. 'गाव सोडून जावं असं शेवटचं कधी वाटलं?' असं विचारून पाहा.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटात आधी विषयाचा कीस पाडतात, मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. आपल्याकडे विषय ऐनवेळी मांडला जातो. तोवर अर्धी सभा उठून गेलेली असते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. तेवढी झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग पाच-सहा जणांत वर्षाचा आराखडा मंजूर!

म्हणून सभेची नोटीस निघण्याआधीच विषय लेखी द्यावा. अठराच्या आतल्यांचं नाव मतदारयादीत नसतं, त्यामुळे अर्जावर एखाद्या मतदाराची सही घ्यावी. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) तारखेसह पोच घ्यावी. ती पोच त्या पोट्टीजवळच राहू द्या.

– गावपातळीवरचे काही कार्यकर्ते, जि. यवतमाळ