पायदुखीच्या कॅप्सुला आणि चालायचा व्यायाम

मा. संपादक, स. न.

हल्ली पुरवणीत पायदुखीच्या कॅप्सुलांच्या जाहिराती फार यायला लागल्यात, रक्ताभिसरण सुधारा, पाय हलके करा वगैरे, म्हणून हे लिहितेय. माझ्या वडिलांना थोडं चाललं की पोटरी अशी आवळून यायची की कुणाच्या तरी कंपाउंडला धरून उभं राहायचे, दोन-तीन मिनिटं थांबले की परत ठीक. घरात सगळे म्हणायचे वय झालं, वात असेल. निघालं काय तर पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या. शुगरवाले, बिडी ओढणारे यांना हे जास्त होतं. तपासणी साधी असते, घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, ०.९० किंवा खाली आलं तर अडथळा आहे असं धरतात (जुनी शुगर असेल तर आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघतात).

कॅप्सुलांमध्ये बहुतेकदा जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) नाहीतर एल-आर्जिनिन (प्रथिनांमधला एक घटक) असतं. जिंकोने चालायचं अंतर म्हणावं तसं वाढत नाही, आणि अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. एल-आर्जिनिनचा २००७ साली अभ्यास झाला, सहा महिने दिलं, तर नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणारेच जास्त सुधारले! तरी लोक पेन्शनमधून हे घेतायत, वाईट वाटतं.

खरा उपयोग होतो तो चालण्याचा, पण कुणीतरी चालवून घ्यायला हवं. दुखायला लागलं की लगेच थांबायचं नाही, बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, मग बसायचं, कळ गेली की परत उठायचं, असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे तरी. धमनी यानं उघडत नाही पण स्नायू आहे त्या रक्तात जास्त काम करायला शिकतात. एकटा माणूस घाबरून पहिल्याच कळेला बसतो, म्हणून फिजिओ समोर लागतो. अमेरिकेत मेडिकेअर ही म्हाताऱ्यांसाठीची सरकारी विमा योजना २०१७ पासून अशा ३६ सेशनचा खर्च देतं. आमच्याकडे फिजिओकडे गेलं की गुडघ्याला शेक देऊन पाठवतात. प्रत्येक सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आठवड्यातून तीन दिवस असा चालायचा वर्ग सुरू करावा, त्याला मोठं मशीन लागत नाही, एक लांब व्हरांडा, खुर्च्या आणि शिकलेला माणूस पुरे. तंबाखू बंद, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्त पातळ करायची गोळी डॉक्टर देतील ती चालू ठेवायचीच.

एक मात्र कृपया चौकटीत छापा: रात्री झोपेत पाय दुखत असेल, बोटं काळी-निळी पडली असतील किंवा जखम भरत नसेल तर व्यायाम नको, कॅप्सुल तर नकोच, त्याच दिवशी व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना) दाखवा.

आपली एक वाचक, मिरज