छाटणे वेगळे, खाली उतरणे वेगळे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

दशांश संख्येचा पूर्णांक करणे हे काम गणिती सॉफ्टवेअरमध्ये इतके किरकोळ मानले जाते की ते नेमके कसे होते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. धन संख्यांपुरते हे खपून जाते, २.५ चा दशांश भाग छाटला काय किंवा तिच्या लगतच्या खालच्या पूर्णांकावर उतरले काय, उत्तर २ च येते. ऋण संख्येत मात्र वाटा फुटतात. उणे २.५ चा दशांश छाटला तर उणे २ उरते, म्हणजे संख्या कमी होण्याऐवजी वाढते. खाली उतरल्यास उणे ३ मिळते. एक्सेल या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमधील ‘इंट’ हे फंक्शन उणे ३ देते आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील त्याच नावाचे फंक्शन उणे २ देते. दोन्हीकडे त्रुटीचा संदेश येत नाही, त्यामुळे एकीकडचे सूत्र दुसरीकडे जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्याला ही तफावत कळणार तरी कशी? पायथनमध्ये खाली उतरायचे तर ‘फ्लोअर’ आणि एक्सेलमध्ये नुसते छाटायचे तर ‘ट्रंक’ वापरावे लागते, एवढेही बहुतेक शिकवण्यांत सांगितले जात नाही.

धन संख्यांतही निर्धास्त राहता येत नाही. ०.२९ ही संख्या संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत तंतोतंत मावत नसल्याने पायथनमध्ये तिला १०० ने गुणले की २९ ला किंचित कमी पडणारी संख्या तयार होते आणि तिचा पूर्णांक २८ निघतो. अशा ठिकाणी आधी योग्य त्या स्थळापर्यंत निकटन करावे, म्हणजे संख्या जवळच्या अंकावर आणावी, किंवा मुळातच शतांश हे एकक धरून पूर्णांकांत हिशेब ठेवावा.

छाटण्याची किंमत कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने मोजली आहे. तेथील निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक फेरगणनेत तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक टाकून दिले जात असल्याने नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४.८११ वर घसरलेला दिसत होता. दुरुस्तीनंतरचा आकडा १०९८.८९२ निघाला! एकेका वेळची चूक नगण्य होती, पण ती दर वेळी एकाच दिशेने पडत होती.

सॉफ्टवेअरच्या मदत-पानांवर अशा फंक्शनसाठी बहुधा धन संख्येचेच उदाहरण आधी दिलेले असते. त्याच्या शेजारी उणे २.५ चे एक उदाहरण द्यावे आणि आपल्या संगणकविषयक लेखांतही तोच पायंडा पाडावा, ही विनंती.

आपला,
एक गणितप्रेमी वाचक