ताई, तुम्ही जमिनीवर बसलात त्या दिवसापासून

आदरणीय ताई,

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं होतं. पण तुम्ही ते वाचून, घडी घालून पिशवीत ठेवलं असतंत आणि विषय तिथेच संपला असता. लांब लांबच्या गावांमधून एकेकटीनं पाळणाघर नाहीतर बालवाडी चालवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. तुम्ही काय केलंत हे त्यांनाही कळावं, म्हणून उघडच लिहिते आहे.

गावोगावच्या पाळणाघरांना मार्गदर्शन करत फिरताना तुम्ही पहिल्यांदा माझ्या पाळणाघरात आलात तेव्हा मी घाबरले होते. तोवर माझ्याकडे जे कोणी आलं ते तपासायला आलं. हजेरीची वही बघायची, दाराची कडी बघायची, सही करायची आणि निघायचं. त्यातल्या एकांनी जाता जाता विचारलं होतं, "मुलं सांभाळायला असं काय शिकावं लागतं?" मी गप्प राहिले. उत्तर सुचलं नाही याचं वाईट कितीतरी दिवस वाटत राहिलं.

तुम्ही चपला काढल्यात, भिंतीला टेकून मुलांच्या उंचीला बसलात आणि सबंध सकाळ बसून राहिलात. मांडीवर वही. मध्येच एक मूल येऊन तुमच्या पायावर ठोकळे रचून गेलं, तरी तुम्ही हललात नाही. दुपारी मुलं झोपल्यावर ती वही माझ्यापुढे ठेवलीत. मला वाटलं, आता शेरे वाचावे लागणार. शेरा एकही नव्हता, नुसते दोन रकाने होते. एकात मी मुलांना दिलेले हुकूम: बस, ते ठेव, इकडे ये, रडू नको. दुसऱ्यात, मूल आपणहून काही म्हणालं किंवा त्यानं काही दाखवलं आणि मी त्याला धरून बोलले, ते प्रसंग. पहिला रकाना पानामागे गेला होता. दुसऱ्यात सहा ओळी होत्या. माझे डोळे भरून आले. तुम्ही पहिल्या रकान्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "हे राहू दे. या सहा ओळी मला वाचून दाखवा."

त्यातली एक अजून पाठ आहे. दीड वर्षाच्या मुलीनं खिडकीकडे बोट करून "ता" म्हटलं. मी म्हणाले, "हो गं, पक्षी. उडाला बघ." ती पुन्हा "ता?" मी म्हणाले, "गेला. येईल परत." एवढंच. हे मला कामात धरण्यासारखं वाटलंच नव्हतं. कामं म्हणजे पुसणं, भरवणं, निजवणं. तुम्ही सांगितलंत की पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के आकाराचा झालेला असतो, आणि त्याच्या आतली जोडणी याच देवाणघेवाणीतून होत असते. मुलानं टाकलेला चेंडू आपण परत टाकायचा, पुन्हा त्याची वाट बघायची. "तुम्ही त्या पक्ष्याच्या वेळी शिकवत होतात," असं म्हणालात. आपण शिकवतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही कधी आल्या आल्या सल्ला दिला नाहीत. मी विचारेपर्यंत थांबायचात, आणि मग त्यामागची कहाणी सांगायचात. बाळाचा लंगोट बदलताना मी घाई करते हे तुम्हाला दिसलंच असणार. पण मी स्वतःहून तक्रार केल्यावर, की ते बाळ फार हातपाय झाडतं, तुम्ही एमी पिक्लर यांच्याबद्दल सांगितलंत. १९४६ मध्ये बुडापेस्टला त्यांनी अनाथ बाळांसाठी एक घर सुरू केलं. तिथे बाळाला उचलण्याआधी सांगायचं, आता उचलते. कपडा काढण्याआधी सांगायचं, आता हा हात बाहेर काढूया, आणि बाळ हात सैल सोडेपर्यंत थांबायचं. मी करून पाहिलं. आठवडाभरात ते बाळ मी "पाय" म्हटलं की पाय उचलायला लागलं. दिवसातून पाच-सहा वेळा जे काम उरकायचे, त्यात आता मी आणि बाळ दोघंच निवांत बोलत असतो.

खेळण्यांचंही तसंच. माझ्याकडे रंगीत प्लास्टिकची खेळणी नाहीत याची मला लाज वाटायची. तुम्ही एलिनॉर गोल्डश्मीड यांची टोपली दाखवलीत: नुकत्याच बसायला लागलेल्या बाळापुढे एक पसरट टोपली, तिच्यात लाकडी चमचा, धातूची कडी, ब्रश, कापडाचा तुकडा, मोठा गुळगुळीत दगड. घरातल्याच वस्तू, पण प्रत्येकीचा स्पर्श वेगळा, वजन वेगळं, आवाज वेगळा. घशात अडकेल असं काही नको, टोक नको, धार नको, आणि शेजारी मोठं माणूस गप्प बसलेलं हवं. गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं. बाळ अर्धा तास त्या कडीत रमलं होतं.

आणि एक गोष्ट तुम्ही कहाणी न सांगता, पहिल्याच दिवशी, जरा कडक आवाजात सांगितलीत: तान्हं बाळ निजवायचं ते पाठीवर, टणक गादीवर, भोवती उशी-दुलई काही नको. पालथं निजवलं की बाळ शांत झोपतं असं मीच कित्येक आयांना सांगत आले होते. नव्वदच्या दशकात अनेक देशांनी पाठीवर निजवण्याच्या मोहिमा काढल्या आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली, हे ऐकल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. आता नव्या आईशी पहिलं बोलणं मी त्याचंच करते.

आता त्या मुलाबद्दल. तीन वर्षांचा होता, चावायचा. बाकीच्या मुलांचे आईवडील म्हणू लागले, त्याला काढा. मीही मनातून तयार झाले होते, हे आज पहिल्यांदा कबूल करते. तुम्ही म्हणालात, "पंधरा दिवस द्या. तो चावला की फक्त लिहा: वाजले किती, आधी काय झालं, तो कुठे होता, कोण कुठून आलं." मी लिहीत गेले. पंधरा दिवसांनी आपण दोघी ती पानं घेऊन बसलो आणि तुमचं बोट एका शब्दावर थांबलं. "मागून". जवळजवळ प्रत्येक वेळी कोणीतरी मागून आलेलं होतं. तुम्ही उठून त्याच्या पाठीमागे गेलात आणि हळूच टाळी वाजवलीत. त्यानं मान वळवली नाही.

कानाच्या तपासणीसाठी जायचं म्हणजे आपल्या भागात एक अख्खा दिवस. त्याच्या आईची मजुरी बुडणार होती आणि एकटीनं जायची तिची हिंमत नव्हती. तुम्ही तिच्याबरोबर गेलात. पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. लहान मुलांमध्ये हे सर्रास होतं आणि त्यावर इलाज आहे, हेही तिथेच कळलं. पुढच्या काही महिन्यांत त्याला शब्द आले. "थांब" हा शब्द आला त्या आठवड्यापासून चावणं कमी झालं. आज तो शाळेत जातो. माझ्याकडून त्याला काढलं गेलं असतं तर त्याच्या कपाळी "वांड पोरगा" एवढंच लिहिलं गेलं असतं, आणि ते लिहिणारी मी असते.

ताई, तुम्ही ज्या भागात फिरलात त्याचा पसारा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. एका टोकाच्या पाळणाघरातून दुसऱ्या टोकाला पोचायला दिवस मोडतो. शहरात एक बाई आजारी पडली तर दुसरी उभी राहते. इथे मी आजारी पडले की दार बंद, आणि दार बंद म्हणजे तितक्या घरांतली एकेक बाई त्या दिवशी कामाला जाऊ शकत नाही. म्हणून मी तापातही उघडत होते. तुम्ही सगळ्यात आधी हे ओळखलंत. प्रशिक्षणाचं बोलण्याआधी बदलीच्या ताईंचं बोललात. प्रत्येक चार-पाच गावांमागे एक जाणती बाई हेरलीत, तिला आमच्याकडे दोन-दोन दिवस बसवलंत, मुलांची तिच्याशी ओळख होऊ दिलीत. अनोळखी माणसाच्या हाती तान्हं मूल सोपवणं ही सोय नव्हे, यावर तुम्ही ठाम होतात. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ बसू शकले ते त्या बदलीच्या ताईंमुळे. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच माहीत नाही.

मग फिरती पेटी आली: टोपल्या, चित्रांची पुस्तकं, हातबाहुल्या. महिना झाला की पेटी पुढच्या गावी. आणि दर गुरुवारी रात्री फोनवर आम्ही सातजणी. पहिल्या गुरुवारी कोणी बोलेना. तुम्हीही बोलला नाहीत. मग एकजण म्हणाली, "माझ्याकडे आठ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची सगळी एकाच खोलीत आहेत, मी काय करू?" आणि सातही जणी एकदम बोलायला लागलो, कारण सगळ्यांचं तेच होतं. मोठ्या मुलाला छोट्याचा मदतनीस करायचं, पण रांगणाऱ्यांना त्यांचा सुरक्षित कोपरा राखून ठेवायचा. आणि तान्ही जास्त असतील तर एका बाईकडे तीन-चारांच्या वर घ्यायची नाहीत, मग कोणी कितीही गळ घालो. हे सगळं त्या रात्री आमचं आम्हीच काढलं.

अशाच एका गुरुवारी कोणीतरी म्हणालं, आपल्यासारख्या कोपऱ्यात पडलेल्यांचं काम कोण बघतंय. तेव्हा तुम्ही ल्वीझ शेप्लेरबद्दल सांगितलंत. फ्रान्समधल्या व्हॉज डोंगरांत, गरीब विखुरलेल्या वस्त्यांच्या एका खोऱ्यात, १७७०च्या सुमारास सारा बांझे नावाची मुलगी लहान मुलांना जमवून विणकाम शिकवू लागली. तिथले पाद्री ओबरलिन यांनी ते काम उचलून धरलं. त्यांच्या घरी कामाला आलेली ल्वीझ पुढे आयुष्यभर त्या गावांमधल्या मुलांमध्ये राहिली. या बायकांना नाव होतं, कोवळ्या वयाच्या वाटाड्या. १८२९ मध्ये फ्रेंच अकादमीनं ल्वीझचा गौरव केला. जर्मनीत फ्रॉबेलचं पहिलं बालोद्यान, म्हणजे किंडरगार्टन, निघायला तेव्हा अजून आठ वर्षं होती. आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तर सगळ्यांना ठाऊक आहेत: १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं बालशिक्षणाचं काम, १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, मुलं गुरांमागे जातात म्हणून कुरणातच भरणारी शाळा. पण डोंगरातल्या त्या वाटाड्या मला माहीत नव्हत्या. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की या कामाला पूर्वज आहेत.

तुमचं आणखी एक ऋण आहे, आणि ते बोलायला अवघड. आमच्या पगाराबद्दल तुम्ही बोललात. बैठकीत सगळे गुणवत्तेवर बोलत होते, भिंतीवरच्या तक्त्यांवर बोलत होते. तुम्ही उभं राहून म्हणालात की वर्षात तीनदा सांभाळणारी बदलली तर मूल तीनदा पोरकं होतं, आणि बाई टिकत नाही कारण तिला या कामात घर चालवता येत नाही. पेरी बालवाडीचा दाखला दिलात. अमेरिकेत १९६२ साली सुरू झालेला तो प्रयोग १२३ मुलांचा होता, त्यातली ५८ बालवाडीत आणि बाकीची तुलनेसाठी. पुढे चाळीशीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला, आणि बालवाडीत गेलेल्यांची कमाई जास्त, गुन्ह्यांत सापडणं कमी असं दिसलं. सगळे तो निष्कर्ष सांगतात. तिथल्या शिक्षिका प्रशिक्षित होत्या, त्यांना सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्या तोडीचा पगार होता आणि दर आठवड्याला त्या प्रत्येक मुलाच्या घरी जात होत्या, हे तुम्ही सांगितलंत. सभागृह गप्प झालं. मागणी अजून पुरी झालेली नाही. पण "मुलं सांभाळायला काय लागतं" असं त्या खोलीत पुन्हा कोणी म्हणालं नाही.

आता तुम्ही थकलात, गुडघे साथ देत नाहीत, म्हणून फिरती थांबवलीत. पेटीची किल्ली आणि दोन रकान्यांची ती वही माझ्याकडे पाठवलीत. वहीच्या पहिल्या पानावर माझ्या सहा ओळी आहेत, तुमच्या अक्षरात. तुम्ही इतकी वर्षं ते पान जपलंत हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी मी पहिल्या फेरीला निघते आहे. माझ्या मुलांकडे बदलीच्या ताई असतील, ती त्यांना नावानं हाक मारतात. ज्या मुलीकडे जायचं आहे तिनं पाळणाघर सुरू करून दोनच महिने झालेत. फोनवर तिनं मला तीनदा विचारलं, "काय काय तपासणार?" मी तिला सांगितलं, बसायला भिंतीजवळ थोडी जागा लागेल.

आपली,
गुरुवारच्या सातजणींतली एक