‘जपानी कार्टून’ मोठ्यांच्या पानावर छापावीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीत मुलांनी घरी काय पाहावे, याची एक यादी आपल्या रविवार पुरवणीत आली होती. तिच्यात ‘जपानी कार्टून’ या एकाच मथळ्याखाली ‘डोरेमॉन’च्या शेजारी ‘डेथ नोट’ बसलेली दिसली, म्हणून हे पत्र. पहिल्या मालिकेत भविष्यातून आलेले निळे यंत्रमांजर एका आळशी मुलाला अडचणींतून सोडवते. दुसरीत शाळेच्या शेवटच्या टप्प्यावरच्या एका बुद्धिमान मुलाला अशी वही सापडते की, चेहरा डोळ्यांपुढे आणून तिच्यात नाव लिहिले की तो माणूस मरतो; आणि हा मुलगा गुन्हेगारांपासून सुरुवात करून पुढे आपल्या वाटेत येणाऱ्यांचीही नावे लिहू लागतो. यादी करणाऱ्यास दोष देण्याचा माझा हेतू नाही. चित्रे हलू लागली की ती मुलांसाठीच, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. त्यामुळे नको ते मुलांच्या हाती पडते, आणि ज्यांनी ते आवर्जून पाहावे असे चाळिशीपुढचे लोक ‘पोरांचे कार्टून’ म्हणून त्याकडे पाठ फिरवतात.

जपानमध्ये ही गल्लत सहसा होत नाही, कारण तिथे चित्रकथांची मासिके आणि साप्ताहिके वाचकाच्या वयानुसार वेगळी काढली जातात. किशोरांसाठीच्या कथांना ‘शोनेन’ आणि प्रौढ पुरुष वाचकांसाठीच्या कथांना ‘सेइनेन’ म्हणतात, आणि गंभीर अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी हलत्या चित्रांच्या) मालिका बहुधा मध्यरात्रीनंतर प्रक्षेपित होतात. (‘डेथ नोट’ची मूळ चित्रकथा किशोरांच्या साप्ताहिकात आली होती, हे मान्य करायला हवे, पण किशोर म्हणजे आपल्या यादीतली आठ वर्षांची मुले नव्हेत, आणि मालिका तिथेही मध्यरात्रीनंतरच दाखवली गेली.) आपल्याकडे घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या शिनचॅनची मूळ चित्रकथाही १९९० मध्ये मोठ्यांसाठीच्या साप्ताहिकातच सुरू झाली होती. आपल्या वाहिन्यांनी ती मुलांपुढे वाढली, २००८ मध्ये तिच्यावर बंदी आली आणि नंतर कात्री लावून ती परत आणावी लागली. तो गोंधळ शिनचॅनने घातलेला नव्हता.

मी मिरजेत पस्तीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. भाच्याने आग्रह करून ‘मॉन्स्टर’ लावून दिली, तेव्हा त्याचे मन राखायला दोन भाग पाहू, एवढ्याच तयारीने बसलो होतो. चौऱ्याहत्तर भाग संपायला दोन महिने लागले. नाओकी उरासावा यांच्या चित्रकथेवरून मासायुकी कोजिमा यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००४ आणि २००५ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आली. कथा सुरू होते १९८६ मध्ये, पश्चिम जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात. केन्झो तेन्मा हा तरुण जपानी मेंदूशल्यचिकित्सक तिथे नावारूपाला येत आहे आणि संचालकांच्या मुलीशी त्याचे लग्न ठरले आहे. एके रात्री आधी आलेल्या तुर्की मजुराला सोडून त्याला एका प्रसिद्ध गायकाची शस्त्रक्रिया करायला लावले जाते. मजूर दगावतो, आणि त्याची विधवा तेन्मासमोर उभी राहून, माझा नवरा आधी आला होता, तो मला परत द्या, असा आक्रोश करते. पुढे पुन्हा तशीच वेळ येते: डोक्यात गोळी लागलेला एक लहान मुलगा आधी येतो, नंतर शहराचा महापौर. या वेळी तेन्मा हुकूम मोडून मुलाला वाचवतो. महापौर मरतो, तेन्माची कारकीर्द आणि ठरलेले लग्न दोन्ही मोडतात. आणि नऊ वर्षांनी त्याला कळते की वाचवलेला तो मुलगा मोठा होऊन थंड डोक्याने माणसे मारत सुटला आहे.

‘आधी आलेला आणि जास्त गंभीर असलेला रुग्ण आधी’ हा नियम आम्ही सगळेच शिकलो, आणि कुणाचा तरी फोन आल्यावर टेबलावरच्या रुग्णांचा क्रम बदलतो, हेही आमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्यामुळे त्या विधवेचा प्रसंग मी एका बैठकीत पाहू शकलो नाही. तरीही मालिकेचा खरा कस पुढे लागतो. तेन्माने चूक केली असे ती म्हणत नाही आणि त्याला सोडतही नाही. ज्याचा जीव वाचवला त्याचा जीव आता आपणच घ्यायचा का, हा एकच प्रश्न घेऊन ती या माणसाला जर्मनीभर आणि पुढे प्रागपर्यंत हिंडवते. मधल्या काळात बर्लिनची भिंत पडलेली आहे, पूर्व बर्लिनमधल्या एका अनाथालयात मुलांवर झालेले प्रयोग हळूहळू उघडकीला येतात, फ्रँकफर्टमध्ये तुर्की वस्ती जाळायला निघालेली टोळी भेटते. पडद्यावर रक्त फार कमी दिसते. भीती वाटते ती खुनी योहानच्या सौजन्याची, आणि जे ऐकले ते बोटांनी हवेत टंकलिखित करत लक्षात ठेवणाऱ्या पोलीस निरीक्षक लुंगेच्या आत्मविश्वासाची. मधले काही भाग रेंगाळतात, हे खरे. एखाद्या गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरवर किंवा वाटेत भेटलेल्या जोडप्यावर सगळा भाग खर्ची पडतो. पण दीर्घ कादंबरी वाचण्याची सवय असलेल्यांना त्याचे ओझे वाटणार नाही.

एवढा वेळ नसेल त्यांनी सातोशी कोन यांची तेरा भागांची ‘पॅरानोइया एजंट’ पाहावी. तीही २००४ सालचीच. तोक्योमध्ये सोनेरी चाकांचे बूट घातलेला एक मुलगा वाकलेल्या सोनेरी बॅटने लोकांना मारून पळतो. पहिली बळी पडते ती एका लाडक्या गुलाबी कुत्र्याच्या बाहुलीची चित्रकार. नवे काही सुचत नसल्याने ती कोंडीत सापडलेली असते. दोन पोलीस तपास करू लागतात, तसे ध्यानात येते की मार खाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस अशाच कुठल्या तरी कोंडीत होता आणि बॅट बसल्यावर त्याला सुटल्यासारखे वाटले. आता सगळे आपली कीव करतील, आता कुणी जाब विचारणार नाही, अशी ती सुटका. आजारपणाच्या दाखल्यासाठी दवाखान्यात येणारे चेहरे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे फार दूरचे वाटणार नाही. मालिकेच्या आठव्या भागाबद्दल मात्र आधीच सांगायला हवे. इंटरनेटवर ओळख झालेली तीन माणसे एकत्र जीव द्यायला निघतात आणि तिसरी व्यक्ती लहान मुलगी आहे हे पाहून उरलेले दोघे तिला टाळून पळू पाहतात, अशी ती गोष्ट आहे, आणि तिचा सूर चक्क विनोदी आहे. मला तो भाग मालिकेतला सर्वांत चांगला वाटला. पण ज्यांच्या घरात नुकते असे काही घडले असेल, किंवा ज्यांचे स्वतःचे मन सध्या त्या बाजूला झुकत असेल, त्यांनी तो वगळावा, आणि दुसऱ्या प्रकारच्या लोकांनी डॉक्टरांशी बोलावे. कोन २०१० मध्ये अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेले. दूरचित्रवाणीसाठी त्यांनी केलेली ही एकमेव मालिका.

तिसरी शिफारस ‘व्हिनलंड सागा’. अकराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडवर चालून गेलेल्या डेन लोकांची ही कथा माकोतो युकिमुरा यांच्या चित्रकथेवर बेतलेली आहे, आणि पुढे इंग्लंडचा राजा झालेला कनूट तिच्यात एक महत्त्वाचे पात्र आहे. २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या चोवीस भागांत बापाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी त्या खुन्याच्याच टोळीत वाढणारा थॉर्फिन दिसतो. लढाया उत्तम चितारल्या आहेत, कापाकापीही भरपूर आहे, आणि बरेच प्रेक्षक तेवढ्यावर खूश होतात. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या चोवीस भागांवर त्यातले बरेच जण नाराज झाले, कारण तिथे थॉर्फिन डेन्मार्कमधल्या एका शेतावर गुलाम आहे आणि भागामागून भाग तो आयनर नावाच्या दुसऱ्या गुलामाबरोबर जंगल तोडतो, खोडे उपटतो, नांगरतो आणि गहू पेरतो. माझे मत नेमके उलट आहे. दहा वर्षे माणसे मारलेल्या हाताने एक बुंधा उपटायला किती दिवस लागतात, हे दाखवायला जो धीर लागतो तो आपल्याकडच्या मारधाडीच्या वेब मालिकांत मला अजून दिसलेला नाही. रात्री स्वप्नात मेलेली माणसे त्याचे पाय ओढतात, आणि सकाळी पुन्हा कुदळ. शेती केलेल्या वाचकाला हे भाग संथ वाटणार नाहीत, असे मी खात्रीने सांगतो.

‘डेथ नोट’ वाईट आहे असे वरच्या मजकुरावरून कुणी समजू नये. सदतीस भागांपैकी पहिले पंचवीस मांजर-उंदराच्या खेळासारखे रंगतात, नंतर ती उतरते. महाविद्यालयातल्या मुलांना तिचा नायक सरळसरळ नायकच वाटतो, आणि त्यात नवल नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी चकमकीत मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली होती. न्यायालयाशिवाय होणारा न्याय मोठ्यांनाही तेवढाच गोड लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाबरोबर पालकांनी ही मालिका शेजारी बसून पाहिली, तर घरात आठवडाभर वाद होईल, आणि तो व्हावा.

‘डार्क’ या नावाखाली जे काही खपते त्या सगळ्याची भलामण मला करायची नाही. नुसते आतडे-कोथळे दाखवून स्वतःला प्रौढ म्हणवणाऱ्या मालिका अ‍ॅनिमेतही ढिगाने आहेत. १९९७ ची पंचवीस भागांची ‘बर्सर्क’ त्यांतली नव्हे. महत्त्वाकांक्षेपायी मैत्रीचा सौदा कसा होतो हे तिने फार ताकदीने दाखवले आहे. पण तिच्या शेवटी लैंगिक अत्याचाराचा जो प्रसंग आहे, तो ठाऊक नसताना कुणी तिच्यापुढे बसू नये, म्हणून ती मी कुणालाही आपणहून सुचवत नाही.

आपल्याला विनंती अशी की, या मालिकांची परीक्षणे वेब मालिकांच्या आणि चित्रपटांच्या पानावर, मोठ्यांसाठी म्हणून छापावीत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी मंचांना ‘यू’पासून ‘यू/ए ७+’, ‘१३+’, ‘१६+’ आणि ‘ए’पर्यंत वयोगट दाखवावा लागतो, आणि १३+ व त्यापुढच्या मजकुरासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. तो वयोगट परीक्षणाच्या मथळ्याखाली छापण्यास एक ओळही लागणार नाही. सोबत भागांची संख्या द्यावी, आणि हिंसा कोणत्या प्रकारची आहे हे स्पष्ट शब्दांत लिहावे. ‘काही दृश्ये विचलित करू शकतात’ या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. मी पाहिलेल्या एकाही मालिकेला मराठी उपशीर्षके नव्हती, तेव्हा इंग्रजी वाचता न येणाऱ्या वाचकांसाठी परीक्षणात कथानकाचा आरंभ जरा विस्ताराने यावा, शेवट मात्र फोडू नये. डोरेमॉनला मुलांच्या पानावरच राहू द्यावे. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

आपला,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, मिरज