संसदेची पर्यावरण समिती काय करते ते नाशिकच्या पानावरही येऊ द्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

अधिवेशन सुरू झालं की तुमच्या पेपरात पहिल्या पानावर गदारोळ असतो, सभात्याग असतो, कोणी कोणाला काय टोमणा मारला ते चौकटीत असतं. छापा की, आम्हीही चवीनं वाचतो. पण संसदेच्या पर्यावरण समितीची बातमी शोधायला गेलं तर आतल्या पानावर कुठेतरी चार ओळी, त्याही एजन्सीच्या, आणि आपल्या जिल्ह्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही असंच वाचणाऱ्याला वाटावं अशा. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापायचं असेल तर सुरुवातीचं कापा पण समितीचं राहू द्या.

नाशिकमध्ये स्थायी समिती म्हटलं की महापालिकेची, टेंडरं मंजूर करणारी, तीच डोळ्यासमोर येते, ती नाही. ही संसदेची स्थायी समिती, विज्ञान आणि तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल एवढं लांबलचक नाव असलेली. ३१ खासदार, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे, मंत्री असलेल्याला सदस्य होता येत नाही, आणि मुदत जेमतेम वर्षाची, मग पुन्हा नवी यादी. खात्यांनुसार अशा समित्या १९९३ पासून आहेत, आज २४ आहेत. मागच्या लोकसभेच्या काळात या समितीचे अध्यक्ष जयराम रमेश होते, २०२४ मध्ये भुवनेश्वर कलिता आले. म्हणजे आधी विरोधी पक्षाचा अध्यक्ष, नंतर सत्ताधारी पक्षाचा. आणि तरीसुद्धा, हे मुद्दाम सांगतो, या समितीनं मार्च २०२५ मध्ये सरकारला जे सुनावलं ते वाचून मी दोनदा आकडा तपासला.

तर झालं असं. केंद्राची ‘प्रदूषण नियंत्रण’ नावाची योजना आहे, त्यातूनच राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचाही खर्च होतो, जो जानेवारी २०१९ ला सुरू झाला आणि ज्याच्या शहरांच्या यादीत आपलं नाशिकसुद्धा आहे. २०२४-२५ साली या योजनेला ८५८ कोटी रुपये ठेवले होते. जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत खर्च किती, तर ७ कोटी २२ लाख. एक टक्कासुद्धा नाही! वर्ष संपायला सव्वादोन महिने उरलेले. मंत्रालयाचं म्हणणं काय तर योजना २०२५-२६ पर्यंत चालू ठेवायला मंजुरी मिळायची आहे. म्हणजे दिल्लीत लोक मास्क लावून फिरतायत आणि हवेचा पैसा एका मंजुरीवाचून तिजोरीत पडून. समितीनं अहवालात स्पष्ट शब्दांत धक्का बसल्याचं लिहिलं आणि मंत्रालयाला आत्मपरीक्षण करायला सांगितलं. सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष असताना.

आता कोणी म्हणेल की नाशिकसारख्या दहा लाखांवरच्या शहरांना हवेसाठीचा पैसा तेव्हा पंधराव्या वित्त आयोगातून येत होता, हे ८५८ कोटी थेट आपले नव्हते. बरोबर आहे. पण मग आपल्या वाट्याच्या पैशाचं काय झालं, तो धूळ बसवायला गेला की आणखी कशाला, हे विचारायची पद्धत तर त्या अहवालावरून कळली असती ना. द्वारका चौकात सिग्नलला दहा मिनिटं उभं राहिलं की शर्टाच्या कॉलरवर हिशोब दिसतो, कागदावरचा कुठे दिसतो?

हे प्रश्न विचारले कसे जातात तेही थोडं सांगतो. बजेट मांडलं की अधिवेशनाला मधली सुट्टी लागते. आपल्याला वाटतं खासदार गावाला गेले. काही जातातही. पण त्याच दिवसांत या समित्या प्रत्येक खात्याच्या सचिवांना बोलावतात, मागच्या वर्षी किती मागितले किती दिले किती खर्चले असा एकेक रकाना काढून बसतात, आणि मग अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खात्यानं पुढच्या वर्षासाठी मागितलेल्या पैशावर, अहवाल देतात. सभागृहात नंतर काय होतं तर चार-पाच मंत्रालयांवर चर्चा होते आणि बाकी सगळ्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी एकत्र, चर्चेविना मंजूर, त्याला गिलोटिन म्हणतात. पर्यावरण खातं त्या चार-पाचात कधी असणार? त्यामुळे या खात्याच्या पैशाला खरा जाब विचारला जातो तो त्या समितीच्या खोलीतच, आणि त्या खोलीत पत्रकारांना प्रवेश नाही.

हो, बैठका बंद दाराआड होतात. याचं समर्थनही आहे आणि ते अगदीच फालतू नाही, कॅमेरा नसला की खासदार पक्षाचं भाषण न करता कामाचं बोलतात असं म्हणतात, वर जो अहवाल सांगितला त्यावरून ते पटतंही. पण ब्रिटनमध्ये अशीच एक समिती आहे, पर्यावरणाचं ऑडिट करणारी, १९९७ पासून, तिच्यापुढच्या साक्षी लोकांना टीव्हीवर, इंटरनेटवर बघता येतात, मंत्र्यालासुद्धा समोर बसून उत्तरं द्यावी लागतात. निदान साक्षी तरी उघड व्हाव्यात, आपसातली चर्चा ठेवा बंद.

मी द्राक्षवाला माणूस, मला यात पडायचं कारण वेगळंच आहे. २०२५ ला मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला आला, आणि नाशिक जिल्ह्यात मे महिन्यापासून जो पाऊस लागला तो नीट उघडला असं वाटलंच नाही. चाळीत भरायच्या आधीच कांदा भिजला तो वेगळाच. द्राक्षाचं म्हणाल तर खरड छाटणीनंतर काडी पिकायच्या दिवसांत, आत घड तयार होतो तेव्हा, वेलीला कडक ऊन लागतं, तेच मिळालं नाही. मग ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटले तर नुसता शेंडा पळतोय, घड नाही, आणि जिथे होता तिथे जिरून त्याची बाळी, म्हणजे नुसता ताणा, झालेली. बाग बघायला आलेला माणूस पान हिरवंगार बघून म्हणतो भारी आहे बाग, आणि आपण गप्प. डाऊनी रोगावरच्या फवारण्यांचा खर्च तर विचारूच नका.

तर हवामान खातं, जे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येतं, ते याच समितीच्या कक्षेत आहे. सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं मिशन मौसम मंजूर केलं, दोन वर्षांसाठी २,००० कोटी, नवी रडारं, चांगले अंदाज, वगैरे. त्यातलं निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराच्या मोबाईलवर काय पोचलं हे विचारायची जागा हीच समिती. पण समितीचा पसारा बघा, पर्यावरण, पृथ्वी विज्ञान, विज्ञान-तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, औद्योगिक संशोधन, अंतराळ आणि अणुऊर्जा, सात खाती. इस्रोपासून बिबट्यापर्यंत सगळं ३१ जणांच्या एकाच समितीकडे, आणि तेही वर्षभरात यादी बदलणार. उलट शेती दुसऱ्या समितीकडे, पाणी तिसऱ्या, वीज चौथ्या. हवामान बदल मात्र या सगळ्यांमधून गळतो. माझ्या बागेचं नुकसान पर्यावरण समितीला सांगितलं तर म्हणणार शेतीवाल्यांकडे जा, हे मी अनुभवानं नाही तर रचना बघून सांगतोय, हवामान बदलापुरती तरी या समित्यांनी एकत्र बैठक का घेऊ नये?

आता कायद्यांचं. इथे मला खरा राग आहे. समिती चांगलं काम करते म्हणूनच की काय, बिलं तिच्याकडे जातीलच असं नाही, ते सभापती-अध्यक्ष आणि खरं म्हणजे सरकार ठरवतं. वन्यजीव संरक्षण दुरुस्ती विधेयक २०२१ या समितीकडे आलं, तिनं कलम न् कलम तपासून एप्रिल २०२२ ला अहवाल दिला, डिसेंबर २०२२ ला कायदा झाला. असं व्हायला पाहिजे. पण वन संवर्धन कायद्याची दुरुस्ती मार्च २०२३ ला आली, विषय पूर्णपणे या समितीचा, तरी ती वेगळ्या संयुक्त समितीकडे धाडली. जयराम रमेशांनी तेव्हा जाहीर आक्षेप घेतला होता. त्या संयुक्त समितीकडे हजाराच्या वर निवेदनं आली, आणि जुलैत अहवाल आला तो बिलात एकही बदल न सुचवता! विरोधी सदस्यांनी असहमतीची टिपणं जोडली ती शेवटी छापली गेली, संपलं. २६ जुलैला लोकसभेत, २ ऑगस्टला राज्यसभेत पास. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला अंतरिम आदेश द्यावा लागला की जंगल कशाला म्हणायचं याबाबत १९९६ च्या गोदावर्मन निकालातली व्याख्याच तूर्त धरा. समितीच्या टेबलावर जे भांडण मिटायला हवं होतं ते कोर्टात गेलं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीत जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाला यातलं काय कळलं? काहीच नाही.

आणि ऊर्जा संवर्धन दुरुस्तीचं बिल, २०२२ चं, ज्यातून देशात कार्बन क्रेडिटचा, म्हणजे कार्बन कमी केल्याबद्दलची प्रमाणपत्रं विकण्या-घेण्याचा, बाजार आला, ते तर कुठल्याच समितीकडे गेलं नाही. आज गावोगाव एजंट सांगत फिरतात, झाडं लावा, कार्बनचे पैसे मिळतील. कशावर सही करतोय ते शेतकऱ्याला कळत नाही, बिलावर चार महिने समितीत प्रश्नोत्तरं झाली असती तर निदान काही खुलासे लेखी आले असते. पंधराव्या लोकसभेत शंभरातली सत्तरेक बिलं समित्यांकडे जायची, सतराव्यात ते प्रमाण सोळाच्या आसपास आलं. उतार असा की ब्रह्मगिरीवरून दगड सोडावा.

समिती लोकांकडून सूचना मागवते, हेही किती जणांना माहीत आहे? जाहिरात येते, बहुतेक वेळा पंधरा दिवसांची मुदत, निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत, दोन प्रती. मराठीत नाही. सुरगाण्याच्या वनहक्क समितीतल्या बाईनं काय करायचं? वकील गाठायचा? २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आला तेव्हा हेच झालं होतं, तो फक्त इंग्रजी-हिंदीत होता, दिल्ली हायकोर्टानं ३० जूनला सांगितलं की घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणा. तो मंत्रालयाचा मसुदा होता, समितीचा नाही, पण तत्त्व तेच. आणि नाशिककर लिहीत नाहीत असं कोणी म्हणू नये. २०२५ च्या शेवटी कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा शेकडो हरकती गेल्या, सुनावणीला गर्दी झाली, कारण नोटीस कळली आणि मराठीत बोलता आलं. झाडांचं काय व्हावं यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, कुंभमेळा पण पाहिजे आणि झाडं पण पाहिजेत, तो भाग वेगळा.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे बरेच जण नाकं मुरडून सांगतात, मग कशाला त्या समित्या, चहा-बिस्किटांसाठी? पण सरकारला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं की कुठली शिफारस मान्य, कुठली अमान्य, आणि त्याचाही अहवाल निघतो, त्यात प्रकरणंच तशी पाडलेली असतात. ‘उत्तर अंतरिम’ म्हणून ज्या शिफारशी लटकत ठेवलेल्या असतात ना, ते प्रकरण बातमीदारानं आधी उघडावं, मसाला तिथे असतो. सगळं राज्यसभेच्या वेबसाइटवर फुकट आहे, मी पीडीएफ मोबाईलवरच वाचतो, डोळे दुखतात पण वाचतो.

तर तुमच्याकडे मागणं एवढंच. येत्या बजेटनंतर या समितीचा अनुदानाच्या मागण्यांवरचा अहवाल आला की त्यातलं नाशिकशी जोडलेलं जे असेल, हवा, गोदावरी, हवामान अंदाज, जंगल, ते जिल्ह्याच्या पानावर मराठीत द्या, अर्धं पान पुरे. समितीनं सूचना मागवल्या की ती जाहिरात भाषांतर करून छापा, मुदतीच्या तारखेसकट. आणि नाशिकचे राजाभाऊ वाजे, दिंडोरीचे भास्कर भगरे आणि मालेगाव-बागलाण ज्यांच्याकडे येतं त्या धुळ्याच्या शोभा बच्छाव, या तिन्ही खासदारांना तेच तीन प्रश्न विचारून उत्तरं शेजारी शेजारी छापा: तुम्ही कुठल्या समितीवर आहात, वर्षभरात किती बैठकांना हजर होता, आणि मराठीत निवेदन घ्यावं अशी मागणी लेखी करणार का. शेवटच्याला हो की नाही, एवढंच चालेल.

कळावे,
निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार
(हल्ली मुक्काम पंचवटी, नाशिक)